तेल वर येईपर्यंत

नाबुल,
१४ सप्टेंबर २००३

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. डावा गुडघा वाकत नाही, तेव्हा आठातलं एक अंग वजा धरून घे.

तुझं पत्र आणि वहिनींचं पार्सल एकाच दिवशी पोचलं. पत्र मला पहिल्याच वाचनात सगळं लागलं. वैद्याचं अक्षर इतकं सुवाच्य होऊ लागलं म्हणजे मिरजेत रोगी कमी झाले असावेत. प्रकृतीची नाही तरी धंद्याची काळजी घे. मेतकुटाची पिशवी कस्टमवाल्याने फोडून हुंगली होती, पण काही काढून घेतलं नाही. सासूबाईंनी चिमूटभर जिभेवर ठेवलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "ही तर आमची बसीसा. तुझ्या वहिनीला कोणी शिकवली?"

मी म्हटलं, "उम्मी, हे आमच्याकडे पिढ्यानपिढ्या करतात."

"करत असतील. चांगली गोष्ट पसरतेच."

मग मऊ भाताचा विषय निघायच्या आत त्यांनी ते ऑलिव्हच्या तेलात आणि साखरेत मळून लाडू वळले. वहिनींनी वर्षाचं म्हणून पाठवलेलं मेतकूट आठवडाभरही पुरलं नाही. वहिनींना हे सांग. रागावतील, पण मनातून खूश होतील.

इकडे ऊलेचे दिवस आहेत. ऊला म्हणजे आपली वर्षाची बेगमी. आमच्या गच्चीवर सध्या पाय ठेवायला जागा नाही. सगळीकडे चादरी आणि चादरींवर मलूखियाची पानं. नाव तुला नवं असेल, पान नाही. तागाचा कोवळा पाला, संस्कृतातला चंचू. आपल्याकडे पावसाळ्यात कुणी कुणी त्याची भाजी करतात आणि विसरून जातात. इथे विसरत नाहीत. पानं वाळवून, चक्कीवर मैद्याहून बारीक दळून ते हिरवं पीठ बरण्यांत भरतात. मग ते तेलात परतून, पाणी आणि मांसाचे तुकडे घालून (कुठल्या प्राण्याचे ते विचारू नकोस, तुझं जेवण व्हायचं असेल) दिवसभर मंद आचेवर ठेवतात. पीठ काळंभोर होतं आणि तेल आपोआप वर येतं, तेव्हा ती झाली म्हणायची. तेल वर आलं नाही तर तो चिखल. हिजरी वर्षाच्या पहिल्या दिवशी ती घरोघर शिजते, वर्ष हिरवं जावं म्हणून. शिजल्यावर ती काळी दिसते, हे आजवर कुणालाही खटकलेलं नाही.

माझ्या प्रयोगशाळेतही हेच पान. माझं काम मी तुला एकदा समजावून सांगितलं होतं, पण तू ऐकता ऐकता घोरायला लागलास, तेव्हा पुन्हा सांगते. आपण प्राणवायूवर जगतो आणि त्याच प्राणवायूने आतून गंजतो. झाडाची पानं तर दिवसभर उन्हात उभी, त्यांना हा धोका जास्त. म्हणून ती स्वतःपुरते गंजरोधक पदार्थ बनवून ठेवतात. त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. आम्ही एका गर्द जांभळ्या द्रवात पानाच्या अर्काचे थेंब सोडतो. पान गुणी असेल तर जांभळा रंग पिवळा होतो. मलूखियाने तो इतका चटकन पिवळा होतो, की आमचे संचालक येईल त्या पाहुण्याला हा खेळ दाखवतात. क्लोरोजेनिक आम्ल, क्वेर्सेटिन आणि त्याची भावंडं अशी त्या पदार्थांची नावं आहेत. पाठ करू नकोस, चार वर्षांत तुझ्या च्यवनप्राशाच्या डब्यावर कुणीतरी छापेलच.

तर वसंतात मला रेडिओवर बोलावलं होतं, गृहिणींच्या कार्यक्रमात. बाई म्हणाल्या, "सोप्या शब्दांत सांगा." सोप्या शब्दांनीच माझा घात केला. मी म्हटलं, "हे पान रक्ताचा गंज काढतं." सासूबाई घरी वाटाणे सोलत ऐकत होत्या. त्यांनी खिडकीतून शेजारच्या लल्ला बेयाला (लल्ला म्हणजे आपलं 'बाई') हाक मारली, "ऐकलंस का गं? माझी हिंदी सून साऱ्या देशाला सांगतेय, मलूखिया म्हणजे औषध. आणि तुझी सून काय करते? नखं रंगवते."

एवढं पाल्हाळ मी का लावलंय, हे तू ओळखलं असशील. नाडीवर बोटं ठेवण्याआधी तू रोग्याला पाऊसपाण्याचं विचारतोस ना, तसं चाललंय माझं.

माझ्या तिजानीची मूत्रपिंडं गेली आहेत. मधुमेहाने आधी डोळ्यांना हात लावला, मग इथे. जूनपासून सोमवार, बुधवार, शुक्रवार यंत्रावर रक्त धुऊन घ्यावं लागतं. दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवायला त्याचं हृदय तयार नाही, असं डॉक्टर म्हणतात. म्हणजे तोही रस्ता बंद. शाळेतून त्याने निवृत्ती घेतली. तीन महिने तुला लिहिलं नाही, कारण लिहिलं की ते खरं होतं, अशी एक अवैज्ञानिक समजूत मी बाळगून होते.

अशा माणसाला पालेभाजी म्हणजे विष. पानांत पोटॅशियम नावाचा क्षार भरपूर असतो. धडधाकट माणसाची मूत्रपिंडं जास्तीचा बाहेर टाकतात, तिजानीच्या रक्तात मात्र तो साठतो आणि एके दिवशी हृदय थांबवतो. वाळवलेल्या मलूखियात तर हा क्षार ठासून भरलेला. आमच्या जांभळ्या द्रवाला त्यातलं काही कळत नाही. तो फक्त गुण मोजतो.

हे मी सासूबाईंना सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं. त्यांचं म्हणणं, डॉक्टर म्हणजे औषधवाल्याचा धाकटा, त्याचं नाक त्यांनी स्वतःच्या ओढणीने पुसलंय. आणि मला म्हणाल्या, "पोरी, रेडिओवर सगळ्या देशासमोर तू एक बोललीस. आता माझ्या स्वयंपाकघरात दुसरं बोलतेस. यातलं खोटं कुठलं?"

"दोन्ही खरं आहे, उम्मी."

"दोन्ही खरं असलं की मी माझ्या मनासारखं करते."

तेव्हा काम असं. त्यांचा विश्वास डॉक्टरवर नाही, माझ्यावर तर मीच उरू दिला नाही. त्यांचा विश्वास आहे तुझ्यावर. तू आलास तेव्हा त्यांची नाडी पाहून "आजी, तुम्हाला रात्री पाय दुखतात" म्हणालास, ते त्या अजून सांगतात. (सत्तरीच्या बाईला रात्री पाय दुखतात हे ओळखायला नाडी लागत नाही, पण ते असो.) त्यांना एक पत्र लिही. मी वाचून दाखवीन. मुलाला पाला देऊ नका, एवढंच लिही. तू लिहिलंस तर ऐकतील.

आम्हाला मूल नाही, हे बरं की वाईट ते मी हल्ली ठरवत नाही. तिजानी तुला पुणेरी नमस्कार सांगतो. तो हसतोय. त्याला अजून हसू येतं.

तुझी,
गुडघा वगळून नम्र,
चारू

*

नाबुल,
१८ जानेवारी २००४

तीर्थस्वरूप दादा,

नमस्कार. थंडीने आठही अंगं गारठली आहेत, नमस्कार तेवढा पोचवते.

सासूबाईंना "लल्ला मन्नूबिया" म्हणून लिहिलेलं तुझं पत्र सुरेख होतं. मी ते त्यांना दिवाणखान्यात, कॉफी पुढे ठेवून, एकेक वाक्य त्यांच्या भाषेत करून वाचून दाखवलं. शेजारून लल्ला बेयाला मुद्दाम बोलावलं होतं. "आपल्या मुलाला हिरव्या पालेभाज्या पूर्ण वर्ज्य कराव्यात" या वाक्यावर सासूबाईंनी मला थांबवलं, पुन्हा वाचायला लावलं, आणि मान डोलावली. त्या दिवसापासून या घरात पालक येत नाही. चाकवतासारखी एक भाजी असते, तीही नाही. रमजानात सूपवर चिमूटभर कोथिंबीर पडायची तीसुद्धा बंद. भाजीवाल्याला त्या सांगतात, "माझ्या हिंदी हकीमाने मनाई केलीय," आणि तो बिचारा पानं खुडून गाजरं देतो.

आणि गुरुवारी मलूखिया.

मी म्हटलं, "उम्मी, दादाने काय लिहिलंय?"

"हिरव्या पालेभाज्या नको."

"मग ही?"

त्यांनी झाकण काढून मला पातेलं दाखवलं. "ही हिरवी आहे? आणि भाजी कुठली? ही मलूखिया आहे."

दादा, आपण न्यायशास्त्र शिकलो, जाती आणि व्यक्ती यांच्यात तासन् तास वाद घातले. त्यातलं काही इथे कामाला आलं नाही. या देशात कुणालाही विचार. मलूखिया ही भाजी नाही. मांस हे मांस, कुसकुस हे कुसकुस, मलूखिया ही मलूखिया. मी म्हटलं, "तीही त्यातच येते." त्या म्हणाल्या, "हकीमांनी लिहिलंय का?" "नाही." "मग?"

तुला पुन्हा लिहावं म्हणून मी कागद घेतला होता. तिजानी म्हणाला, "नको. दुसरं पत्र आलं की तिला वाटेल, तू सांगून लिहून घेतलंस. मग पहिल्यावरचाही विश्वास जाईल." तो तेहतीस वर्षं शाळेत शिकवत होता, पोरांची खोटी चिठ्ठी त्याला हातात न घेता ओळखता यायची. हा स्वभाव त्याने आईकडूनच घेतलाय.

मग मी जे केलं ते ऐकून तुला हसू येईल, किंवा येणार नाही. मी बरणीतलं पीठ प्रयोगशाळेत नेलं आणि धुतलं. गरम पाण्यात कालवायचं, गाळायचं, पुन्हा नवं पाणी. क्षार पाण्यात विरघळतो, तो जातो. तपासून पाहिलं, खरंच गेला होता. सहज म्हणून त्या धुतलेल्या पिठाचा अर्क जांभळ्या द्रवात सोडला. जांभळा तो जांभळाच. गंज काढणारंही सगळं त्याच पाण्याबरोबर मोरीत गेलेलं. जे तारतं आणि जे मारतं ते एकाच पाण्यात विरघळतं, वेगळं करायची चाळणी माझ्यापाशी नाही. मी ते भट्टीत वाळवलं, दळलं आणि बरणीत परत भरलं. रंग जवळपास तोच. सत्तावीस वर्षं रसायनशास्त्र शिकून मी सासूच्या बरणीत भुसा भरून ठेवला.

पुढच्या गुरुवारी सासूबाई पातेल्यापाशी बसल्या. दुपार झाली. तेल वर येईना. संध्याकाळ झाली. त्या उठून पाहायच्या, ढवळायच्या, पुन्हा बसायच्या. मी वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होते. शेवटी त्यांनी चमचा वर धरला; पीठ खाली बसलेलं, वर नुसतं पाणी. त्यांचा चेहरा मी पाहिला, दादा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची मलूखिया बिघडली होती.

"वाळू झाली," त्या म्हणाल्या. "माझ्या ऊलेला नजर लागली."

कुणाची? उघडच आहे, लल्ला बेयाची. खिडकी बंद झाली. स्वयंपाकघराच्या दारावर वाळलेली माशाची शेपटी टांगली गेली. पुढचे दोन गुरुवार त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. एकदा माझ्या डब्यातली हळद मागून घेतली, एकदा भांडं बदललं. आता त्या मलूखिया लावतच नाहीत. तिजानीला मात्र मी सगळं सांगितलंय. तो इतका हसला, की यंत्रावरची परिचारिका धावत आली. मग म्हणाला, "तिला वाटतंय तिचे हात गेले."

तो बरा आहे. म्हणजे, आहे.

खोटं बोलून मी पुण्य केलं की पाप, हे तू ठरवू नकोस. औषध पोटात गेलं नाही तरी गुण येतो, असे रोगी तुझ्याकडे बरेच असतील. मला एवढंच हवंय, की विष पोटात गेलं नाही म्हणून वेळ निघावी.

वहिनींना नमस्कार. पार्सल आता पाठवू नका, मेतकुटातही डाळी असतात आणि डाळींतही तोच क्षार.

तुझी,
सासूच्या बरणीची चोर,
चारू

*

नाबुल,
२५ एप्रिल २००४

दादा,

फोनवर तू "झालं तरी कसं" असं विचारलंस, तेव्हा मी लाइन खराब आहे म्हटलं. लाइन चांगली होती.

लहानपणी संस्कृतातल्या द्विवचनाचा आपल्याला जाच वाटायचा. एकाचं एक, पुष्कळांचं एक, पुरे की. दोघांसाठी वेगळी रूपं कशाला घोकायची? बाबा म्हणायचे, पुढे उपयोगी पडेल. पडलं. या घरात आता द्विवचनच आहे. सासूबाई आणि मी.

हिजरी वर्षाचा पहिला दिवस रविवारी आला. शुक्रवारी तिजानीचं रक्त धुऊन झालं होतं, पुढची पाळी सोमवारी. मधले दोन दिवस अशा माणसाला नेहमीच वाईट, हे मला माहीत होतं. सासूबाईंनी आपली "नजर लागलेली" बरणी उघडली नाही. शनिवारी खिडकी उघडली आणि लल्ला बेयाला म्हणाल्या, "मन साफ असेल तर तुझ्यातली वाटीभर दे." लल्ला बेयाने बरणीच दिली. दोघी रडल्या. मी हे भांडण मिटलेलं पाहून समाधान मानावं असाच प्रसंग होता.

रविवारी पहाटेपासून पातेलं चढलं. दुपारी तेल वर आलं. त्यांनी मला हाताला धरून नेलं आणि दाखवलं. काळ्या रश्श्यावर हिरवट तेलाचा थर, आरशासारखा. "बघ," त्या म्हणाल्या, "माझे हात आहेत अजून."

तिजानीसाठी मी वेगळं केलं होतं, दोनदा पाणी काढून शिजवलेला बटाटा आणि कोंबडीचा तुकडा. आम्ही तिघं जेवायला बसलो. मधोमध मलूखियाचं मोठं ताट. मी पाणी आणायला आत गेले. परत आले तोवर त्याने पाव मोडून मधल्या ताटात घातला होता.

सोमवारी सकाळी इस्पितळाची गाडी खाली येऊन उभी राहिली. तो खुर्चीवर बसून बुटाची नाडी बांधत होता. तसाच पुढे वाकून राहिला.

डॉक्टरांनी कागदावर हृदय लिहिलं. मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काल काय खाल्लं होतं?" मी सांगितलं. त्यांनी मान खाली घातली. खरंच, त्यांचं नाक लहानपणी कुणीतरी पुसलेलं असणार; फार सभ्य माणूस आहे.

सासूबाईंना आम्ही हृदयच सांगितलं. त्या रडून झाल्यावर जे बोलायला लागल्या, ते मी महिनाभर ऐकत होते. "उशीर झाला गं. माझी ऊला बिघडली, हिवाळाभर त्याच्या पोटात काही गेलं नाही. एकच दिवस मिळाला. पाहिलंस ना, रविवारी त्याच्या तोंडावर कसा रंग आला होता? आणखी महिनाभर मिळाली असती तर त्याचं रक्त धुतलं गेलं असतं." लोक भेटायला यायचे, त्यांनाही हेच. लोक म्हणायचे, "अल्लाची मर्जी, लल्ला मन्नूबिया." त्या म्हणायच्या, "मर्जी अल्लाची, पण उशीर माझा." मी चहा द्यायची.

त्यांना खोट्या दोषाखाली तसंच राहू द्यावं, असं मी ठरवलं होतं. खऱ्यापेक्षा खोटा दोष वाहायला हलका. तू रागावशील, पण तू इथे नव्हतास.

मग चाळिसावा दिवस जवळ आला. त्या दिवशी गेलेल्याच्या नावाने लोकांना जेवू घालतात. सासूबाई म्हणाल्या, "मशिदीत नको. मी त्या यंत्रांच्या खोलीत नेईन. तिथे माझ्या तिजानीसारखी किती लेकरं आहेत. कुणाची आई नसेल, कुणाची ऊला बिघडली असेल. मलूखिया करीन, पंचवीस माणसांची."

दादा, मी हसले. खरंच, माझ्या तोंडातून हसू फुटलं, आणि त्यांना वाटलं मी रडतेय. त्यांनी मला जवळ घेतलं.

मी सगळं करून पाहिलं. म्हटलं, इस्पितळात बाहेरचं अन्न घेत नाहीत. "मेलेल्याच्या नावाचं कोण नाकारतं?" आणि ते खरं आहे, इथे नाकारत नाहीत, परिचारिकेने अडवलं असतं तर नातेवाइकांनी दारात डबे धरले असते आणि घरी नेऊन श्रद्धेने खाऊ घातलं असतं. म्हटलं, कुसकुस करूया. "कुसकुस कुणीही करतं." म्हटलं, तुमची कंबर दुखते. "दुखू दे. त्याच्यासाठी दुखतेय." आठवडाभर मी रोज नवं कारण काढत होते.

शुक्रवारी सकाळी त्यांनी शेजारचं मोठं पातेलं आणलं. पीठ तेलात परतलं. पाणी ओतलं. घर त्या वासाने भरलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, "उम्मी, त्या लोकांना ही चालत नाही."

"का?"

"त्यांच्या रक्तातून एक क्षार बाहेर जात नाही. तो हिच्यात फार असतो. हृदय बंद पडतं."

त्या ढवळत राहिल्या. "तिजानीला चालली की."

मी काही बोलले नाही. मी काही बोलले नाही, एवढंच झालं, दादा. त्यांचा चमचा आधी हळू झाला, मग थांबला. त्यांनी हात पुढे करून गॅस बंद केला. रश्शाला तेव्हा नुकती उकळी फुटत होती. आम्ही दोघी त्या उकळीकडे पाहत होतो, ती शांत होईपर्यंत.

मग पाठ माझ्याकडेच ठेवून त्यांनी विचारलं, "त्याला ठाऊक होतं?"

"नाही," मी म्हटलं.

"तुला?"

"होतं."

"मग त्याच्या हातातला घास का नाही काढलास?"

"मी आत पाणी आणायला गेले होते."

त्यांनी मान हलवली. लोक एखादा पत्ता समजल्यावर हलवतात तशी.

मी पाणी आणायला गेले नव्हते. तुलाही वर तेच लिहिलं. त्यांना सांगितल्यापासून माझ्या हाताला तीच सवय लागली.

मी त्याच्या समोर बसले होते. सासूबाईंनी ताट ठेवलं, आणि मी तोंड उघडलं. पुण्यात सहा वर्षं काढून तो मराठी शिकला होता, ती त्याने इतकी वर्षं आईसमोर माझी थट्टा करायलाच वापरली. त्या दिवशी आईकडे पाहून हसत, जणू तिच्या हाताचंच कौतुक करतोय अशा आवाजात तो मला मराठीत म्हणाला, "आज गप्प बस, चारू. मी दमलोय. आणि तिचं तेल वर आलंय." मग पाव मोडला. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणतो?" मी सांगितलं, "छान झालीय म्हणतो." त्याने दोनदा घेतलं. ताट पावाने पुसून घेतलं. मी गप्प बसले. तो दमलेला मलाही दिसत होता, दादा. तू एवढे रोगी पाहिलेस. असा एखादा समोर बसला तर त्याच्या हातातला घास कसा काढतात, हे तुला माहीत असेल तर मला लिहू नकोस. आता कळून काय करू?

त्यांना 'त्याला ठाऊक होतं' असं सांगितलं असतं तर कदाचित माझ्यावरचा राग गेला असता. पण मग मुलगा आपल्या हातून मरायला बसला होता, हे त्यांना रोज चुलीपाशी उभं राहून आठवावं लागलं असतं. त्यापेक्षा सून दुष्ट निघाली हे परवडतं. सुना निघतात दुष्ट; जगात त्याची सोय आहे.

ती मलूखिया त्यांनी अंगणातल्या संत्र्याखाली ओतली. इस्पितळात आम्ही रव्याची गोड असीदा नेली. प्रत्येक वाटी भरण्याआधी त्यांनी मला विचारलं, "हे चालतं?" मी म्हटलं, "चालतं." पंचवीस वेळा.

त्या दिवसापासून त्या माझ्याशी तेवढंच बोलतात. भाजी चिरताना गाजर वर धरतात: "हे चालतं?" पावाला तेल लावताना: "हे चालतं?" माझी मूत्रपिंडं उत्तम आहेत, हे त्यांना माहीत आहे. तरी ताट पुढे सरकवण्याआधी विचारतात आणि मी पहिला घास गिळेपर्यंत स्वतःचा हात उचलत नाहीत. जिने जन्मात कुणाला विचारून वाढलं नाही, ती बाई आता मिठाची चिमूट हातात धरून माझ्या तोंडाकडे पाहत उभी राहते. मी "चालतं, उम्मी" म्हणते. दुसरं काय म्हणू?

तुझं पत्र आलं की त्या वाचून दाखव म्हणतील. तेव्हा त्यांच्यासाठी नुसता नमस्कार लिही. पथ्य लिहू नकोस, औषध लिहू नकोस, आणि तिजानीबद्दल एक अक्षरही नको.

त्यांची सून,
आणि उरलेली तुझी बहीण,
चारू